भडंग म्हणायचं, पण ओठ मिटायचे नाहीत

आधी एक करून बघा. आरशासमोर उभं राहा, वरचे-खालचे दात अलगद जुळवा आणि ओठांत जेमतेम फट ठेवा, फोटोवाला ‘हसा जरा’ म्हणाल्यावर आपण कसंनुसं हसतो तेवढी. आता शाळेत घोकलेली वर्णमाला म्हणा. क ख ग घ ङ. ओठ जागचे हलले नाहीत. च छ ज झ ञ, तेही सुटलं. ट ठ ड ढ ण, त थ द ध न, सगळं बिनबोभाट. अरे, ही कला आपल्याला जन्मजातच येते की, असं वाटायला लागतं. आणि मग येतो प.

शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करायची कला, आणि तिची सगळी मेख या एका ओळीत आहे: प फ ब भ म. बाहुला मांडीवर घेऊन बोलणारा माणूस जन्मभर झगडतो तो या पाच अक्षरांशी. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी वर्णमाला घशापासून सुरू करून ओठांपर्यंत आणून सोडली. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि शेवटी ओष्ठ्य. हे सगळं त्यांनी बाहुल्यावाल्यांसाठी केलं नव्हतं, पण सोय आमची झाली. इंग्रजीत बी दुसऱ्याच जागेवर, एम-पी मध्येच कुठेतरी, व्ही शेवटाकडे. आपल्याकडे शत्रू एका रांगेत उभा आहे. पंचवीस स्पर्श व्यंजनांतली वीस फुकटात मिळतात, आणि पुढच्या य-र-ल पासून ळ पर्यंतच्या नऊ अक्षरांत एकटा व काय तो त्रास देतो. म्हणजे ३४ व्यंजनांपैकी २८ बिनत्रासाची. उरली सहा. शिवाय उ, ऊ, ओ, औ म्हणताना ओठांचा चंबू होतो, तो वेगळाच.

मला हे कळायला दोन वर्षं लागली, कारण मी पुस्तकातून शिकलो नाही. सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब लिहिणं हा पोटापाण्याचा उद्योग. बाहुले हा रविवारचा. पहिला बाहुला केला तेव्हा त्याला शोभेलसं अस्सल गावरान नाव ठेवलं: बापू पवार. टोपी, मिशा, नाव, सगळं कसं जमून आलं होतं. पहिल्याच कार्यक्रमात, शेजारच्या वाड्यातल्या बारशाला, मी विचारलं, ‘तुमचं नाव काय पाहुणे?’ आणि बाहुल्याला स्वतःचं नाव सांगता येईना. बा, पू, प, वा. चारही अक्षरांना ओठ लागतात, आणि पू ला तर दोनदा. ‘दातू तदार’ असं काहीतरी बाहेर पडलं. समोर बसलेल्या आज्जी म्हणाल्या, ‘अगं बाई, बोबडा आहे वाटतं!’ मी तेच धरून ठेवलं आणि त्या दिवसापुरतं निभावलं.

त्यानंतर मी अख्ख्या जिल्ह्याकडे या नजरेने बघायला लागलो. सांगली, जत, आष्टा ही गावं बाहुल्याच्या सोयीची. मिरज, विटा, पलूस अडचणीची, आणि कवठेमहांकाळ तर विचारूच नका. हळद चालते, साखर चालते, द्राक्षं चालतात. बेदाणा अडतो. आणि ज्या भडंगाशिवाय सांगलीचं नाव पुरं होत नाही, ते पहिल्याच अक्षराला ओठ मिटायला लावतं. दुसऱ्या बाहुल्याचं नाव मी गण्या ठेवलं. गावाचं दैवत गणपती, म्हणून लोकांना ते आपसूक पटतं. खरं कारण आता तुम्हाला कळलंच.

नाव टाळता येईल, पण शब्द किती टाळणार? बाप, आई म्हणताना बाप आलाच. पाणी, भाकरी, आंबा, म्हैस, पाऊस, मामा. मग लबाडी करावी लागते, आणि ती लबाडी ठरलेली आहे: ओठांचं काम जिभेकडे द्यायचं. प च्या जागी त, फ च्या जागी थ, ब ला द, भ ला ध, म ला न. पाचही जोड्या वर्णमालेत एकाखाली एक बसतात, तवर्ग आणि पवर्ग. ओठांच्या सगळ्यात जवळची जागा दात, म्हणून दंत्य अक्षरं. टवर्ग वापरून बघा, ‘पाणी’चं ‘टाणी’ होतं आणि कोणीही फसत नाही.

नुसता त म्हटला तरी भागत नाही. ओठ उघडताना जो छोटा स्फोट होतो तो जाडसर, बोथट असतो. जिभेच्या टोकाने दातांवर होणारा त चा स्फोट धारदार. म्हणून जिभेचं टोक न लावता तिचा पुढचा पसरट भाग दातांच्या मागे मऊपणे टेकवायचा, जोर कमी ठेवायचा, आणि मनात मात्र प च म्हणायचा. हे शेवटचं वाक्य थोतांड वाटेल. मलाही वाटायचं. पण मनात प धरला की जीभ आणि श्वास दोन्ही आपोआप हलके पडतात, आणि त धारदार राहत नाही. म साठी हाच प्रकार न वर, फक्त नाकातला गुंजारव थोडा लांबवायचा. व त्यातल्या त्यात सभ्य आहे: मराठी व मध्ये ओठ ओठाला भिडतच नाहीत, खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ येतो, एवढंच. तो आतल्या बाजूने किंचित टेकवला तर समोरून दिसत नाही. चंबूच्या स्वरांना जीभ मागे ओढायची, बाकीचं ऐकणारा सांभाळून घेतो.

आता भडंगाकडे येतो. गण्याशी माझा हा संवाद ठरलेला आहे.

‘गण्या, काय खाणार? भडंग खाणार?’

‘भडंग? नको लगा. दात हलतात.’

यात गण्या भडंग म्हणतच नाही. तो म्हणतो ‘धडंग’, मऊ जिभेने. पण तो शब्द त्याच्याआधी मी म्हटलाय, माझ्या ओठांनी, उघडउघड, स्पष्ट. ऐकणाऱ्याच्या कानात भ ताजा आहे. गण्याने ध म्हटला तरी त्याला भ च ऐकू येतो. पुढचं वाक्य बघा: दात हलतात. त्यात ओठांचं एकही अक्षर नाही. अवघड शब्द एक, तोही उसना, आणि लगेच पळून जायला सोपं वाक्य. शब्दभ्रमाची संहिता अशी लिहावी लागते. विनोद नंतर सुचला तरी चालतो.

कान असा फसतो कसा? कारण आपण अक्षर-अक्षर ऐकतच नाही, अर्ध्याहून जास्त अंदाज बांधतो. अमेरिकेत १९७० साली रिचर्ड वॉरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी पूर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज भरला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंडच ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठे आला हे त्यांना सांगता येईना. एसटीत, गिरणीच्या आवाजात, सासूबाईंच्या फोनवर आपण हेच रोज करतो.

दुसरा प्रयोग १९७६चा, मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांचा, आणि माझ्या दृष्टीने जास्त मजेचा. पडद्यावरच्या बाईचे ओठ ‘गा’ म्हणताना दिसतात, आवाज ‘बा’चा लावलेला असतो. बघणाऱ्याला ऐकू येतो ‘दा’. डोळे मिटले की तोच आवाज पुन्हा ‘बा’. म्हणजे डोळा कानाला नुसती मदत करत नाही, तो कानाच्या तोंडचा घास बदलतो. यातून मी एक गोष्ट उचलली आणि ती मला लागू पडली: भ, ब, म च्या ठिकाणी गण्याचा जबडा मी क्षणभर पूर्ण मिटवतो आणि मग उघडतो. माझे ओठ हलत नाहीत, त्याचे ‘ओठ’ मिटतात. बघणाऱ्याचा डोळा उरलेलं भरून काढतो.

या कलेला लॅटिनवरून आलेलं जे नाव जगभर चालतं, व्हेंट्रिलोक्विझम, त्याचा अर्थच ‘पोटाने बोलणं’ असा आहे. प्राचीन ग्रीसमध्ये काही माणसांच्या पोटात आत्मा बसून भविष्य बोलतो असं मानत, तिथून हे चालत आलं. त्या पोटात काही नाही, सगळं घशात-तोंडात आहे, असं फ्रान्समधल्या द ला शापेल नावाच्या पाद्र्याने १७७२ साली पुस्तक लिहून मांडलं. तरीही कार्यक्रमानंतर मला दर वेळी कोणीतरी पोटाला हात लावून विचारतं, ‘इथून काढता ना आवाज?’ आपल्याकडे ‘पोटात एक, ओठात एक’ ही म्हण आधीच तयार असल्यामुळे त्यांचाही दोष नाही. एका गृहस्थांनी तर ‘रेड्यामुखी वेद बोलविले ते यातलंच का हो?’ असं विचारलं. त्या वादात मी पडलो नाही.

आवाज निघतो कुठून हे समजून घ्यायचं तर सांगलीकराला लांब जावं लागत नाही. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन उभं राहा. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर जेमतेम ऐकू येते. तिला आवाज देतो तो खालचा भोपळा. आपल्या गळ्यात स्वरयंत्राच्या दोन पडद्या म्हणजे तार, आणि घसा, तोंड, नाक मिळून भोपळा. फरक इतकाच की हा भोपळा आपल्याला हवा तसा चेपता येतो. जिभेचा मागचा भाग उचलला की आवाज चिरका, अरुंद होतो. घसा खाली पाडला की ढोल्या. बाहुल्याचा आवाज म्हणजे तीच तार आणि चेपलेला भोपळा. पट्टी थोडी वर, बोलण्याचा वेग माझ्यापेक्षा जास्त, आणि बोली पक्की इकडची. मी प्रमाण मराठीत विचारतो, गण्या ‘व्हय की’, ‘जेवलासा का?’ करत उत्तर देतो. नुसती पट्टी बदलून भागत नाही. बोली बदलली की दोन माणसं वेगळी होतात. घसा आवळून आवाज काढणारे नवशिके चार दिवसांत घसा बसवून घेतात. दहा मिनिटांत दुखायला लागलं तर पद्धत चुकली म्हणून समजायचं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ‘आवाज फेकणं.’ माणूस इथे आणि आवाज पेटीतून, खिडकीबाहेरून, बाहुल्यातून. आवाज फेकता येत नाही. तो चेंडू नाही. माझ्या तोंडातून निघालेला आवाज माझ्याच तोंडातून निघालेला असतो, आणि भिंतींवर आपटत सगळीकडे जातो. फार तर आवाज लांबून आल्यासारखा करता येतो, कारण लांबच्या आवाजातली धार हवेत आणि भिंतींत हरवते. ती धार आपण घशातच बोथट केली की ऐकणारा म्हणतो, लांबून आला. पण डावीकडून की उजवीकडून, हे माझ्या हातात नाही.

मग बाहुला बोलतो कसा? तो तुम्ही बोलवता.

मनोरुग्णांच्या गोष्टीसारखं वाटेल, पण रोजचा अनुभव घ्या. कीर्तनात बुवा मध्ये उभे, कर्णे दोन्ही बाजूंच्या खांबांवर. आवाज खांबावरून येतोय असं कधी वाटलं? टीव्हीचा आवाज संचाच्या मागून-खालून येतो, आपल्याला तो निवेदिकेच्या तोंडातून येतो. डोळ्याला हलणारं तोंड दिसलं की मेंदू आवाज उचलून तिथे नेऊन ठेवतो.

कारण साधं आहे. दिशा ओळखायला कानाकडे सामग्री तुटपुंजी आहे. आवाज एका कानाला आधी आणि जोरात, दुसऱ्याला नंतर आणि हळू पोचतो, त्या फरकावरून अंदाज. अगदी बाजूने आलेल्या आवाजातही हा वेळेचा फरक सेकंदाच्या साधारण सहा दशसहस्रांशाएवढाच असतो. गण्या माझ्या तोंडापासून फूटभर बाजूला असतो. पंधरा फुटांवर बसलेल्या माणसाला ते अंतर जेमतेम चार अंशांचं. शांत खोलीत कान हे पकडेलही; पत्र्याच्या मंडपात, घुमणाऱ्या हॉलमध्ये, पोरांच्या कालव्यात नाही. डोळा मात्र एका अंशाचा साठावा भागसुद्धा वेगळा ओळखतो. मेंदू दोघांची साक्ष घेतो आणि ज्याची भरवशाची, त्याच्या बाजूने निकाल देतो.

हा निकाल नेहमी डोळ्याच्याच बाजूने लागत नाही, हे डेव्हिड अलाइस आणि डेव्हिड बर या संशोधकांनी २००४ साली दाखवलं. समोरचं दृश्य त्यांनी मुद्दाम खूप अंधुक केलं, तेव्हा पारडं फिरलं आणि कान डोळ्याला ओढायला लागला. हे वाचलं त्या दिवशी मला माझा सगळ्यात पडेल कार्यक्रम आठवला. गणेशोत्सवात एका मंडळाने मंचावर माझ्या पाठीमागे हॅलोजन लावला होता. लोकांना आमच्या दोघांच्या काळ्या आकृत्याच दिसत होत्या. माझे ओठ त्या दिवशी दगडासारखे स्थिर होते, घरी आरशात जमत नाही इतके, आणि लोकांना गण्या बोलतोय असं एकदाही वाटलं नाही. त्यांना त्याचा जबडाच दिसत नव्हता. तेव्हापासून मी सोबत एक छोटा दिवा नेतो. तो माझ्यावर नाही, गण्याच्या तोंडावर असतो.

या छंदात येणारा प्रत्येक जण आधी ओठांवर मेहनत करतो, मीही केली. आज कोणी विचारलं तर सांगेन, ओठांना एक भाग द्या, जबड्याला तीन. नवशिक्याचा जबडा उलटा चालतो: शब्द सुटताना हात आवळला जातो आणि तोंड मिटतं. बाहुल्याचं तोंड स्वरावर उघडलं पाहिजे. ‘सांगली’ला दोन उघडझापी, साङ् आणि ली, आ मोठा, ई बारीक. भरभर बोलताना प्रत्येक अक्षराला जबडा मारला तर बदक वाटतं. मी रेडिओवरच्या बातम्या लावून नुसता जबडा चालवायचा सराव करायचो, आवाज न काढता. हिला वाटायचं, निवृत्तीनंतरचं काहीतरी आहे.

बाहुल्यांचं म्हणाल तर मराठी माणसाला या बाबतीत ओळखीची अडचण नाही. वाय. के. पाध्ये यांनी ही कला आपल्याकडे रुजवली, त्यांचा अर्धवटराव शंभरी ओलांडून अजून टुकटुकीत आहे. रामदास पाध्ये १९६७ पासून त्याला बोलतं ठेवून आहेत, आणि आता पुढची पिढीही त्यात आहे. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू त्यांच्याच हातचा. सिनेमात ओठ लपवायची भानगड नसते, आवाज नंतर भरता येतो. तरी तो बाहुला बघून १९९३ साली पोरं पलंगाखाली बघून झोपायची ती त्याच्या डोळ्यांमुळे आणि जबड्यामुळे. सांगलीशी नातं त्याहून जुनं आहे. १८४३ साली इथे ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाची सुरुवात करणारे विष्णुदास भावे लाकडी बाहुल्याही घडवायचे, आणि त्या बाहुल्या पुढे पाध्यांनीच पुन्हा हलत्या केल्या. भावे नाट्यमंदिरात जाताना मला नाटकापेक्षा त्या बाहुल्यांचीच आठवण आधी होते. हा माझा पक्षपात.

माझे बाहुले मात्र घरगुती. बापूचं डोकं कागदाच्या लगद्याचं होतं. रद्दी भिजवून कुटायची, त्यात डिंक आणि मेथीची पूड, पूर्वी बायका लगद्याच्या टोपल्या करत तशी. मेथीने कीड लागत नाही. मातीच्या साच्यावर दोन अर्धी थापून वाळवायची, मग जोडायची. ओठांच्या दोन कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत सरळ दोन चिरा देऊन मधला तुकडा सुटा करायचा. तो जबडा. सायकलच्या चाकाची तार दोन्ही गालांतून आरपार घातली की त्याला बिजागरी मिळते, स्प्रिंग त्याला मिटलेला ठेवते. डोक्याखाली काठी, काठीवर अंगठ्याखाली येईल असा खटका, आणि खटक्यापासून जबड्यापर्यंत सायकलच्या ब्रेकची केबल. डोळ्यांना टेबल टेनिसचे चेंडू. पाठीला भोक, तिथून हात आत. यंत्र म्हणून एवढंच. अडचण आवाजाची: जबडा मिटताना ‘टक’ व्हायचं आणि माइक ते उचलायचा. जुन्या बुटातलं मऊ कातडं आतून चिकटवलं तेव्हा टकटक थांबली.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णा घरात आली. गावभागातल्या आमच्या खालच्या मजल्यावर छताला हात लागेल इतकं पाणी होतं. आम्ही कागदपत्रं, सिलिंडर, देव वर नेले; बापू कपाटावर होता, तिथवर पाणी येणार नाही असा माझा हिशेब. पाणी ओसरल्यावर तो चिखलात सापडला. नाक गेलेलं, गाल फुगून फाटलेले, हात लावला तर बोटं आत जात होती. लगदा पुन्हा लगदाच झाला होता. त्या कुबट वासातही मेथी येत होती. ही म्हणाली, ‘राहू दे, त्याला काही नाव सांगता येत नव्हतं.’ मग दोघंही हसलो, आणि त्या आठवड्यात हसण्यासारखं तेवढंच होतं.

म्हणूनच गण्याचं डोकं मी लगद्याचं केलंच नाही. मिरजेच्या एका कारागिराकडे पंढरपूरच्या बाजूने आलेल्या भोपळ्यांची रास असते. त्यातला एक चीर गेलेला, तंबोऱ्याला निकामी, त्यांनी मला तसाच दिला. वाळलेला भोपळा लाकडासारखा कापता येतो, वजनाला काहीच नाही, आणि आत पोकळ असल्यामुळे यंत्र बसवायला कोरावंही लागत नाही. ‘आमचे भोपळे गातात, तुमचा बोलेल,’ असं ते म्हणाले. चीर गण्याच्या कपाळावर आली. लोक विचारतात, लहानपणी पडला का? मी हो म्हणतो.

एक गोष्ट जबड्याहूनही उशिरा कळली. बाहुल्याने ऐकलं पाहिजे. मी बोलत असताना गण्या नुसता मांडीवर पडून राहिला तर तो वस्तू होतो. मान किंचित माझ्याकडे वळली, एखाद्या शब्दाला दचकली, कंटाळून प्रेक्षकांकडे गेली, की तो कोणीतरी होतो. आणि तो बोलताना मी त्याच्याकडे बघायचं, खरंच ऐकत असल्यासारखं. लोक माझ्या नजरेमागोमाग जातात. माझ्या ओठांकडे बघायला त्यांना सवड राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी अंध मुलांच्या एका शाळेत बोलावणं आलं. मी आधी नाही म्हणणार होतो. डोळ्यावर चालणारा खेळ तिथे नेऊन काय करू? गेलो. पहिल्या पाच मिनिटांत पुढच्या रांगेतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने हात वर केला. ‘काका, तुम्ही दोघं एकाच खुर्चीवर बसलाय का?’ त्याला दोन्ही आवाज एकाच जागेवरून येत होते. माझ्या पंचवीस वर्षांत मला इतकं अचूक कोणी पकडलं नव्हतं.

पण तो ‘तुम्ही दोघं’ म्हणाला होता.

हे आधी घडलंय, वेगळ्या तऱ्हेने. एडगर बर्गन नावाचा अमेरिकन शब्दभ्रमकार १९३७ पासून जवळजवळ दोन दशकं रेडिओवर गाजला. रेडिओवर! जिथे ओठ दिसत नाहीत, बाहुलाही दिसत नाही. त्याचे ओठ हलतात हे तर जगजाहीर होतं, त्यावर त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थीच त्याची टर उडवायचा. १९३८ साली बर्गनला ऑस्कर दिला तोही लाकडाचा, हलत्या तोंडाचा. लोकांना चार्ली ऐकायचा होता, तो कुठून बोलतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

तर त्या शाळेत मी बेत बदलला. दिवा बंद केला, जबड्याची चिंता सोडली, आणि ओठ हवे तसे हलवत गण्याला मनसोक्त भांडू दिलं. पाणी, भाकरी, भडंग, बापू पवार, सगळं बोलला तो त्या दिवशी. शेवटी त्या मुलाने गण्या मागितला. आधी कपाळावरची चीर बोटाने चाचपली, मग जबडा, मग पाठीतून हात घालून खटका शोधून काढला. दोनदा दाबून बघितला. आणि स्वतःच्या आवाजात, ओठ पुरेपूर हलवत, जबडा भलत्याच ठोक्यावर उघडत म्हणाला, ‘मला पाणी पाहिजे.’

दारात त्यांच्या बाई उभ्या होत्या, डोळस. त्यांनी खाली वाकून गण्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, ‘पाणी पाहिजे का रे तुला?’